दुसरा परीक्षक

११ फेब्रुवारी

पेपर आला परीक्षणाला. निवृत्तीनंतरचा पहिला! म्हणजे मी मेलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात आहे. संपादकबाई लिहितात — 'या विषयावर आपल्याइतका अधिकार क्वचितच कुणाचा...' अधिकार! खोलीची किल्ली काढून घेतली तेव्हा कुठे गेला होता हा अधिकार?

लेखकाचं नाव झाकलेलं आहे. त्याला मी कळायचा नाही, मला तो कळायचा नाही. नवी पद्धत आहे म्हणे, पक्षपात होऊ नये म्हणून. आंधळी कोशिंबीर नुसती! परीक्षक दोन. मी दुसरा. पहिला कोण ते मलाही सांगत नाहीत.

सारांश वाचला. मग सवयीप्रमाणे शेवटची पानं उघडली आणि संदर्भयादीत स्वतःला शोधलं. आहे. एकदाच. आणि कशासाठी? 'पूर्वी असाही एक समज होता.' पुढे कंसात आकडा. तो आकडा म्हणजे मी.

सगळं आयुष्य घातलं त्यात. आणि झालं काय, तर 'असाही एक समज'!

१२ फेब्रुवारी

हा फितूरच. दुसरा कुणी असूच शकत नाही.

फितूर हे नाव मी ठेवलेलं, मनातल्या मनात. माझा विद्यार्थी. माझ्या हाताखाली डॉक्टरेट केली, माझ्या टेबलाशी बसून चहा प्यायला, आणि पदवी हातात पडल्यावर पहिलं काम काय केलं? ज्या जनुकाचा दाखला मी प्रत्येक व्याख्यानात द्यायचो, तेच घेऊन जाहीर लिहिलं की सरांचा दाखला चुकीचा आहे. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा! त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. तो दोनदा आला होता दारापर्यंत. मी घरात नाही असं सांगायला लावलं.

हा पेपर त्याच वाटेवरचा आहे. विषय तोच, बाजू तीच, आणि मला कंसात कोंबण्याची मग्रुरीही तीच.

१६ फेब्रुवारी

अक्काने विचारलं, "काय चिवडतोयस आठवडाभर?"

अक्का माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून इथेच असते. जन्मभर कोर्टात लघुलेखन केलं. लोक बोलत राहायचे, ही खाली मान घालून टिपत राहायची. त्यामुळे खोटं बोलणाऱ्याचा आवाज कुठे बारीक होतो ते तिला बरोबर कळतं. तापदायक बाई.

सांगितलं — जनुकातला मजकूर सलग नसतो. मध्ये मध्ये बिनकामाचे लांबच लांब तुकडे असतात, त्यांना इन्ट्रॉन म्हणतात. पेशी आधी सगळ्याची जशीच्या तशी नक्कल काढते, आरएनएमध्ये. मग त्या नकलेतले मधले तुकडे कापून फेकते आणि उरलेली टोकं सांधते. तेव्हा कुठे ते वाचण्याजोगं होतं.

"म्हणजे आमच्या वकिलांची भाषणं," अक्का म्हणाली. "तास तास टिपायचं आणि कामाची वाक्यं दोन."

"तसंच."

"मग मधलं मुळात असतं कशाला?"

याच प्रश्नापायी माझे केस गेले! मी म्हणत आलो की मधलं पहिल्यापासून होतं. पृथ्वीवर अगदी सुरुवातीला जनुकं म्हणजे बारीक बारीक सुटे तुकडे, मध्ये मोकळी जागा. त्या मोकळ्या जागांमुळेच तुकड्यांची अदलाबदल झाली, नवनवी प्रथिनं जमली. पुढे जीवाणूंनी काटकसर केली, मधलं टाकून दिलं. आपण उधळे, आपण ठेवलं. सुंदर होती ही कल्पना. अजूनही आहे.

दुसरी बाजू म्हणते — छे! मधले तुकडे मागाहून घुसलेले. जीवाणूंत एक आरएनए असतो, तो स्वतःच स्वतःला कापून बाहेर पडतो आणि मागची टोकं सांधून जातो. असा जीवाणू फार पूर्वी एका मोठ्या पेशीत राहायला आला, त्याच्याबरोबर हे पाहुणे आले. बोट दिलं, हात धरला. घरभर पसरले. पुढे त्यांचीच मोडतोड झाली, आणि त्या मोडक्या तुकड्यांचं मिळून आजचं कापायचं यंत्र बनलं.

"मग खरं कुणाचं?" अक्काने विचारलं.

"माझं."

हसली. कोर्टातलं हसणं.

५ मार्च

संपादकबाईंचं स्मरणपत्र. वाट पाहा म्हणावं! मी नाही का पाहिली?

१९ मार्च

हयातीचा दाखला द्यायला विद्यापीठात गेलो. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी खिडकीतल्या कारकुनाला पटवून द्यायचं. पटलं त्याला. अंगठ्यासकट.

येताना विभागात डोकावलो. माझ्या खोलीत झेरॉक्सचं मशीन आहे. खिडकीखाली कागदाचे गठ्ठे, भिंतीवर 'चपला बाहेर काढा'. मी जिथे बसून पहिल्यांदा म्हणालो की प्रथिनं नव्हती तेव्हाही आरएनए कामाला होता, मजकूरही तोच आणि मजूरही तोच — तिथे आता कचऱ्याची बादली आहे. एक मुलगी आली, म्हणाली, "आजोबा, कोण हवंय?"

कुणी नको, म्हटलं.

२ एप्रिल

अहवाल लिहिला. बैठकीत बसून, एका दमात. बऱ्याच दिवसांनी हात असा चालला.

अकरा आक्षेप! आरएनए नव्याने बनवून सगळे प्रयोग पुन्हा करा. प्रथिनाचा अंशही नाही हे तीन वेगळ्या मार्गांनी सिद्ध करा. तापमान बदला. वगैरे. खरं सांगायचं तर यातले निम्मे आक्षेप कुठल्याही पेपरला चिकटतात. परीक्षक म्हणून आयुष्यभर वापरलेली हत्यारं आहेत, गंज चढत नाही त्यांना.

सातवा आक्षेप मात्र खास. सारांशात तो म्हणतो, त्याने असा एक पाहुणा इन्ट्रॉन घेतला, त्याचे पाच तुकडे केले, आणि ते तुकडे नुसत्या क्षाराच्या पाण्यात आपोआप एकत्र आले आणि कापायला लागले. असेल! पण असल्या पाण्यात मॅग्नेशियम भरमसाट ओतावं लागतं, नाहीतर आरएनएच्या घड्या नीट पडत नाहीत. निसर्गात इतकं मॅग्नेशियम कुठे ठेवलंय? मी लिहिलं — 'मॅग्नेशियम दहापटीने कमी करून दाखवा. अन्यथा आदिम काळाविषयीचे सर्व दावे मागे घ्यावेत.'

जमणार नाही. कुणालाच जमलेलं नाही. बस म्हणावं आता बोंबलत!

झोप छान लागली.

२७ मे

अक्काचा गुडघा धरलाय. मी दोन वेळा चहा केला, दोन्ही वेळा तिने बेसिनमध्ये ओतला.

८ जुलै

आला परत! दुरुस्त करून. सोबत आक्षेपांची उत्तरं. अकराच्या अकरा. प्रत्येक उत्तराची सुरुवात 'परीक्षकांचे मनःपूर्वक आभार' अशी. शेवटी — 'निर्णय शक्य तितका लवकर कळल्यास उपकार होतील.'

घाई! कुठेतरी बढती अडली असणार. फितूरला खुर्ची हवी असणार आणि खुर्चीच्या पायाखाली घालायला हा पेपर. गोड बोलून काम काढायची त्याची सवय जुनीच.

गठ्ठा उघडला नाही. वर्तमानपत्रांखाली ठेवलाय. मुरू दे.

३० जुलै

स्मरणपत्र.

१२ ऑगस्ट

पुन्हा स्मरणपत्र. संपादकबाई आता 'आदरणीय' गाळून सरळ मुद्द्यावर येतात. दुसऱ्या परीक्षकाने, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पहिल्याने, केव्हाच होकार दिलाय म्हणे.

अक्का : "अजून तारखाच चालू आहेत का?"

मी : "घाईचं काम नाही."

अक्का : "न्यायाधीश तरी पगार घेऊन तारखा देतात रे. तू फुकट देतोयस."

१८ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. मोतीबिंदू पिकलाय का ते बघायला. नर्सने डोळ्यांत थेंब घातले आणि बाकावर बसवलं — "आजोबा, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत हलायचं नाही." थोड्या वेळात सगळं दुधासारखं पांढरं. माणसं म्हणजे नुसते हलणारे डाग. शेजारी एक डाग येऊन बसला. त्याच्याही डोळ्यांत थेंब पडले. त्याने नाक ओढलं, आणि म्हणाला —

"सर?"

तो आवाज मी नरकातही ओळखीन. फितूर!

उठून जावं तर दार दिसेना.

"कसे आहात, सर?"

"जिवंत. दाखला आहे तसा."

तो हसला. मला राहवेना. इतक्या वर्षांची मळमळ, ती काय आत राहते? म्हटलं, "मग? पुरून झालं नाही वाटतं अजून मला? नवा पेपर लिहिलास ना?"

"मी? पेपर?" खरोखर गोंधळलेला आवाज. "सर, प्रयोगाच्या टेबलाशी उभा राहून मला पाच वर्षं झाली. परीक्षा विभाग गळ्यात मारलाय माझ्या. दिवसभर हरवलेल्या उत्तरपत्रिका आणि रडणारे पालक. आता कुणी हातात नळी दिली तर फोडून ठेवीन मी."

मग तो पेपर कुणाचा?

"वाचतो मात्र," तो म्हणाला. "तेवढंच उरलंय. परीक्षणाला एक आला होता — खरं म्हणजे बोलू नये, पण तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? पाच तुकडे केलेला इन्ट्रॉन, सर! प्रथिनाचा मागमूस नाही. तुकडे एकमेकांना शोधतात, घड्या पडतात, आणि कापतात! आणि दुसऱ्या खेपेला तर कहर केलाय — बर्फात करून दाखवलंय! मी त्याच आठवड्यात होकार कळवला. पण दुसरा परीक्षक कुणी खडूस म्हातारा दिसतोय, दाबून बसलाय. नाव कळत नाही म्हणून, नाहीतर घरी जाऊन भांडलो असतो."

बर्फात?

कसला बर्फ? मी तो गठ्ठा उघडलाच नव्हता!

"एक गोष्ट तेवढी खटकली होती मला त्यात," फितूर सांगत होता. "तुम्हाला कंसात टाकून दिलं होतं. मी लिहिलं, हे बरोबर नाही. प्रथिनांच्या आधी आरएनए काम करत होता असं हा माणूस म्हणाला तेव्हा सगळा विभाग हसला होता. इन्ट्रॉनच्या बाबतीत सर चुकले असतील. त्या बाबतीत नाही चुकले."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं. औषधाचं.

"तेव्हाही मला हेच सांगायचं होतं," तो हळूच म्हणाला. "दोनदा आलो होतो घरी. तुम्ही नव्हता."

नर्सने माझं नाव पुकारलं, दंडाला धरून आत नेलं. मी त्याला 'येतो' सुद्धा म्हणालो नाही.

१९ सप्टेंबर

सकाळपर्यंत अक्षर दिसेना. मग गठ्ठा काढला. वर्तमानपत्रांखालून.

पहिल्यापासून वाचला. खरंच पहिल्यापासून. ओळ न् ओळ.

२१ सप्टेंबर

तीन दिवस तेच चाललंय. भिंग घेऊन आकृत्या बघतोय.

सहावी आकृती माझ्या सातव्या आक्षेपाचं उत्तर आहे. मॅग्नेशियम दहापटीने कमी केलं — काहीच घडेना. दहा-बारा मार्गांनी करून पाहिलं, सगळे फसलेले मार्गही प्रामाणिकपणे दिलेत. आणि मग त्याला सुचलं की नळ्या गोठवाव्यात.

पाणी गोठतं तेव्हा बर्फाचे स्फटिक स्वतःपुरतं शुद्ध पाणी घेतात. क्षार आणि आरएनए यांना बाहेर ढकलतात. ते सगळं स्फटिकांच्या मधल्या केसाएवढ्या फटींत कोंबलं जातं. बाहेर मॅग्नेशियम नावाला, पण त्या फटींत दाट! आणि त्या गर्दीत, अंधारात, थंडीत ते पाच तुकडे एकमेकांना सापडतात. गुंडाळतात. कापतात. टोकं सांधतात. आकृतीत एक काळी रेघ आहे, बारीक, नखाच्या चंद्राएवढी. सांधलेल्या आरएनएची. ती रेघ मी किती वेळ बघत होतो!

पेशी नाही, पेशीला भिंत नाही, प्रथिन नाही. कुणी कारागीर नाही. नुसता बर्फ आणि एक मोडका धागा, आणि तो धागा स्वतःचं काम स्वतः करतोय. सुरुवात अशी असू शकते. असू शकते एवढंच, लेखकही त्यापुढे जात नाही. किती संयमाने लिहिलंय! मी असतो तर ढोल बडवले असते.

आणि सातवी आकृती. पाचातला एक तुकडा काढून त्याच्या जागी आपल्या पेशीतल्या कापण्याच्या यंत्रातला तसाच तुकडा बसवलाय. चालतो! अडखळत, पण चालतो. म्हणजे यंत्र त्या पाहुण्यांच्याच वंशातलं. मधले तुकडे मागाहून आलेले.

चुकलो मी. इथे लिहून ठेवतो, इथे कुणी वाचत नाही.

माझ्याविषयी आता एक सबंध परिच्छेद आहे. 'ही कल्पना संपूर्ण टिकली नाही. पण प्रश्न विचारावा तर असा.' कंस काढलाय.

राग येतोय. कुणाचा ते कळत नाही. वाचताना मला आनंद झाला, त्याचाच बहुतेक.

२२ सप्टेंबर

अहवाल पाठवला. तीन ओळी. 'जसा आहे तसा छापावा. एकही शब्द बदलू नये. विलंबाबद्दल दिलगीर आहे.'

अक्का : "लागला निकाल?"

मी : "लागला."

"कुणासारखा?"

"वादीसारखा."

"आणि तू रे?"

"मी न्यायाधीश होतो."

"छे! प्रतिवादी होतास तू. खुर्चीत चुकून बसला होतास."

२६ सप्टेंबर

फितूरला फोन करावा असं दोनदा वाटलं. नंबर नाही. परीक्षा विभागाचा मिळेल. काय बोलू? खडूस म्हातारा बोलतोय, म्हणून?

नाही केला.

१ ऑक्टोबर

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सातवा आक्षेप मी घेतला नसता तर बर्फ सुचला नसता. सहावी आकृती, सगळ्या पेपरचा मुकुट, ती माझ्यामुळे आहे! हेतू काय होता ते सोडा. हेतू कोण विचारतो?

संपादकबाईंना लिहिलं — 'माझे नाव लेखकास कळवण्यास हरकत नाही. भेट झाल्यास आनंद होईल.' अक्काला सांगितलं, एक तरुण संशोधक घरी येणार आहे, चहा तू कर. बैठकीतला वर्तमानपत्रांचा ढीग रद्दीत घातला. जुने अंक पुसून फळीवर लावले. सदऱ्याला बटण लावून घेतलं.

निदान एकजण तरी येईल, ज्याच्याशी यावर बोलता येईल. खूप दिवसांनी.

१४ ऑक्टोबर

संपादकबाईंचा फोन. होकाराच्या पत्राला उत्तर येईना म्हणून त्यांनी लेखकाच्या घरी फोन लावला होता. बहिणीने उचलला.

लेखक नव्हे, लेखिका. एका लहानशा कॉलेजात एकटीच काम करायची. पेपर पाठवला तेव्हाच आजार कळला होता. ऑगस्टअखेर गेली.

संपादकबाई म्हणाल्या, "तुमचं नाव पोचलं नाही, सर. पण बहीण सांगत होती — शेवटपर्यंत तुमचाच विषय. म्हणायची, माझा पेपर माझ्यापेक्षा बारकाईने वाचला तो दुसऱ्या परीक्षकाने."

अकरा आक्षेप लिहिले तेव्हा सारांश वाचला होता मी. आणि संदर्भयादी.